गव्हाचं वावडं, घरची शाळा आणि महिन्याचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मिरजेत राहतो. मोठी मुलगी बारा वर्षांची, ती घरीच शिकते आणि तिला सिलिअ‍ॅक आजार आहे. धाकटा नऊ वर्षांचा, त्याला सगळं चालतं आणि तो सगळं खातो. सासूबाईंना मधुमेह. नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज, मी घरी ब्लाउज शिवते. उत्पन्न लग्नसराईत जरा फुगतं आणि पावसाळ्यात आटतं. नातेवाइकांपासून ते ओळखीच्यांच्या ओळखीच्यांपर्यंत सगळे तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

आहारासाठी मुलीला शाळेतून काढलंत का?

नाही. निदान होईपर्यंत तिची पोटदुखी, जुलाब आणि अशक्तपणा यांत शाळा बुडत गेली. हिमोग्लोबिन खाली, उंची वाढत नाही. आधी जंताचं औषध, मग टॉनिक, मग "लाडावलीय" असं निदान शेजारपाजारच्यांनीच केलं. या सगळ्यात वर्ग पुढे गेला आणि ती मागे राहिली. म्हणून घरी घेतलं. तब्येत सुधारल्यावर परत पाठवायचं ठरलं होतं, पण तोवर तिला स्वतःच्या चालीने शिकायची गोडी लागली होती.

माझं स्पष्ट मत सांगते: फक्त पथ्यासाठी शाळा सोडू नका. सिलिअ‍ॅक असलेलं मूल डबा घेऊन शाळेत व्यवस्थित जाऊ शकतं. बाईंना एकदा भेटून सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी द्या, वाढदिवसाच्या चॉकलेटांऐवजी चालेल असा खाऊ दप्तराच्या कप्प्यात ठेवा. डबा वाटून खायचा नाही हे मुलाला शिकवणं अवघड वाटतं, पण पोटदुखी भोगलेली मुलं मोठ्यांपेक्षा कडक पथ्य पाळतात. आमच्या धाकट्यालाही काही काळ घरी ठेवलं होतं. गेल्या जूनमध्ये त्याला पुन्हा शाळेत घातलं, कारण त्याला चाळीस पोरांत दंगा केल्याशिवाय करमत नाही.

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी ना?

नाही. अ‍ॅलर्जी वेगळी. इथे ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. ग्लुटेन गव्हात असतं, सातूत (म्हणजे बार्लीत) असतं, राय या धान्यात असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका, सगळ्या डाळी यांत नसतं. औषध नाही, जन्मभर पथ्य हाच उपाय.

महत्त्वाचं एकच: शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही तपासण्या गहू खाण्यात असतानाच खऱ्या उतरतात. आधीच बंद केला तर चाचणी 'नाही' म्हणू शकते आणि मग ना धड निदान, ना धड पथ्य. घरात एकाला निघालं तर आईवडील आणि सख्ख्या भावंडांचीही चाचणी करून घ्या. आम्ही सगळ्यांनी केली.

सुरुवातीला काही मुलांना दूधही सोसत नाही, कारण दूध पचवणारं विकर त्याच आतड्याच्या अस्तरात तयार होतं. अस्तर भरून आलं की बहुतेकांना पुन्हा चालतं. आमच्याकडे तसंच झालं. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दूध कायमचं तोडून टाकू नका.

मग ती खाते तरी काय?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. आमच्या आजीच्या वयाच्या बायका विचारत नाहीत, कारण त्यांच्या लहानपणी चपाती सणाला व्हायची आणि रोज भाकरीच असायची. ज्वारीची भाकरी, हिवाळ्यात बाजरीची, तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, धिरडी, उकड, इडली, आप्पे, पोहे, वरण-भात. उपवासाचं जवळजवळ सगळं ताट तिला चालतं. शहरातल्या दुकानात 'ग्लुटेनमुक्त' म्हणून मिळणारं पीठ किलोला दीडशे-दोनशेच्या पुढे जातं आणि त्यात बऱ्याचदा तांदूळ, मका नि साबुदाण्याचंच पीठ असतं. पाकिटातला पाव साध्या पावाच्या कितीतरी पट महाग आणि चवीला पुठ्ठा. आम्ही विकत घेत नाही. तिला पावाची आठवण येते, वडापावची तर फारच. त्या दिवशी नुसता वडा घरी तळते.

नुसत्या तांदळावर मात्र राहू नका. सोपं पडतं म्हणून तीन वेळा भात सुरू होतो आणि मूल बद्धकोष्ठाने हैराण होतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि या आजारात हाडांची काळजी घ्यावीच लागते, म्हणून आमच्याकडे सकाळी नाचणीची आंबील ठरलेली. मटकी-मूग मोड आणून, हरभऱ्याची उसळ, जमेल तेव्हा अंडी.

मला भाकरी जमत नाही. मोडते. काय करू?

आधी पीठ बघा, हाताला नंतर दोष द्या. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि मग सुगरणीलाही भाकरी थापता येत नाही. आठवड्याला पुरेल एवढंच दळून आणा. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तम, तिचं पीठ चिकट आणि पांढरं असतं. पाणी उकळतं घ्या, पिठात मधोमध ओता, उलथन्याने कालवून झाकून ठेवा. हात घालता येईल इतकं निवलं की तळहाताच्या मुळाने रेटून मळा. कडा चिरल्या तर अजून मळायचंय. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकल्यावर उलटली तर फुगत नाही, तडे जातात.

डब्यात भाकरी ताठ होते, ही खरी तक्रार आहे. प्रवासाला तांदळाच्या उकडीची भाकरी किंवा गव्हाशिवायचे धपाटे न्या, ते संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. आणि उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून, वर लसणीची फोडणी. यासाठी मुद्दाम जास्त थापल्या जातात.

ज्वारी दळून आणली की झालं. एवढं गिरणीचं काय घेऊन बसलात?

कारण खरी अडचण गिरणीतच आहे. आपल्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतो. जात्याच्या पाळीत, चाळणीत, पीठ पडायच्या कापडी नळीत ते पीठ बसलेलं असतं, शिवाय हवेत उडत असतं ते वेगळं. "आधी मूठभर ज्वारी घालून साफ करून घेतो की ताई" असं गिरणीवाले काका फार प्रेमाने सांगतात. त्याने पीठ पांढरं दिसतं, स्वच्छ होत नाही. काही मोठ्या गिरण्यांत ज्वारी-बाजरीचा दगड वेगळा असतो. ते बरं, पण भिंतीपलीकडे गव्हाची गिरणी धडधडत असते.

शेवटी आम्ही हप्त्यावर घरघंटी घेतली. नवी पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. जुनी घेतली तर स्वस्त पडेल, पण तिच्यात आधी गहू दळलेला असणार, म्हणून तो मोह टाळला. या घरात एवढी महाग वस्तू दुसरी नाही, शिवणयंत्रसुद्धा नाही. ती येईपर्यंत मिक्सरमध्ये तांदूळ-नाचणी थोडं थोडं दळून चाळायचो. भाकरी जाडसर व्हायची, पण पोट दुखायचं नाही. तुमच्या गावात अशी आणखी कुटुंबं असतील तर एक घरघंटी मिळून घ्या. नियम एकच ठेवा: तिच्यात गव्हाचा दाणा जाणार नाही, पाहुणे आले तरी.

गहू आणखी कुठे लपलेला असतो?

पाव-बिस्कीट-शेवया-रवा-मैदा हे कुणालाही कळतं. घात करतो तो हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो. खडा तीव्र असतो म्हणून तो पिठात मिसळून विकतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो बघून घ्या. दुसरं मेतकूट: पारंपरिक मेतकुटात डाळींबरोबर थोडे गहू भाजून घालतात. तिसरी थालिपिठाची भाजणी, तिच्यातही अनेक घरी गहू असतो. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. सोया सॉसमध्ये गहू असतो. दुधात घालायच्या पौष्टिक पावडरींत आणि मक्याच्या पोह्यांच्या पाकिटांत बार्लीचं माल्ट असतं, तिथे 'गहू' हा शब्द दिसत नाही म्हणून लोक फसतात. हॉटेलात डोसा चालतो, पण त्याच तव्यावर आधी रवा डोसा झालेला असतो आणि सांबारात हिंग असतोच. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, पण कढईतल्या तेलात सकाळी समोसे तळलेले असतात.

पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. अ‍ॅलर्जीच्या घटकांत गहू असेल तर तेही पाकिटावर छापावं लागतं. सुट्या मालाला ही सोय नाही, म्हणून सुटं पीठ, सुटं बेसन, सुटा मसाला आमच्याकडे येत नाही. हरभरा डाळ आणायची आणि बेसन घरी दळायचं, मिरचीही घरीच कुटायची. यात पैसेही वाचतात, वेळ मात्र जातो.

अख्खं धान्य आणलं तर धोका नाही ना?

आहे. दुकानदार एकाच मापाने गहूही काढतो आणि ज्वारीही. ज्वारी ताटात पसरून निवडायला बसलं की गव्हाचे लांबट दाणे लगेच दिसतात. आमच्याकडे हे काम मुलांचं, आणि त्यातूनच तिचा गणिताचा सगळ्यात चांगला धडा झाला. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅम. त्यातलं ग्लुटेन ढोबळमानाने दहावा हिस्सा धरलं तर ४ मिलिग्रॅम. मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत पाच दाणे राहिले की आपण मर्यादेवर येऊन टेकलो. हे तिने पाटीवर स्वतः मांडलं आणि त्यानंतर निवडताना मला ओरडावं लागलं नाही. उलट मी घाईत असले की तीच ताट माझ्या हातून काढून घेते. अंदाजाचं गणित आहे, प्रयोगशाळेचं नाही, पण 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणणाऱ्या मामांना ते बरोबर पटलं.

महिन्याला खर्च किती वाढतो?

धान्याचा फार नाही. मालदांडी आमच्याकडे किलोला साठच्या आसपास पडते, गहू पस्तीसच्या आसपास. तिच्या एकटीच्या ताटाचा फरक महिन्याला काही शेकड्यांत बसतो. खरा खर्च वेगळीकडे: घरघंटीचा हप्ता, वर्षातून एकदा रक्ततपासणी, लोहाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि बाहेरगावी गेलं की काहीही विकत घेता येत नाही म्हणून आधी करून न्यावं लागणारं.

पण शाळेची फी वाचते ना? म्हणजे बरोबरीत सुटलात.

हा हिशेब मला जवळजवळ प्रत्येक जण ऐकवतो आणि तो चुकीचा आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत फी नाहीच. वाचते ती खासगी शाळेची फी, आणि ती आम्हाला कधी परवडलीच नसती. उलट घरी शिकवलं की हातातून काय जातं ते बघा. पहिली ते आठवीचं दुपारचं शाळेतलं जेवण, फुकट पाठ्यपुस्तकं, गणवेश, शिष्यवृत्तीच्या परीक्षा. जेवणात बहुतेक भातच असतो, तिला कदाचित चाललाही असता. आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझे सकाळचे तास. अस्तराचा एक ब्लाउज शिवायला मला दीड-दोन तास लागतात. ते तास आता तिच्या भूगोलाला जातात आणि मी रात्री मशीनवर बसते. घरची शाळा स्वस्त नाही. तिची फी घरातली एक बाई कमाईतून भरते, एवढंच. हे मान्य असेल तरच यात पडा. घरात एकट्याच्या पगारावर आधीच ओढाताण असेल तर जवळची चांगली जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा शोधा, संध्याकाळी तासभर घरी शिकवा. त्यात कमीपणा काही नाही.

रेशनवर गहू मिळतो, त्याचं काय करता?

आमचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. गहू-तांदूळ दोन्ही येतात. तांदूळ तिच्यासाठी, निवडून-धुऊन. गहू आम्ही बाकीचे खातो आणि तो आजही बाहेरच्या गिरणीतच दळला जातो. त्याचा डबा झाकण घट्ट लावून खालच्या फळीवर असतो, कारण वरच्या फळीवरून पीठ सांडलं तर सगळ्यांवर सांडतं. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला, शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल. रवा शेजारी दिला, त्यांनी बदल्यात पोहे दिले. अशी देवाणघेवाण ठरवून ठेवा. 'फुकटचं परत कसं करायचं' म्हणून तो रवा घरात पडून राहतो आणि एक दिवस कुणीतरी त्याचा उपमा करतं.

एकाच घरात किती स्वयंपाक करायचे?

एकच. भाजी, आमटी, कोशिंबीर, भात सगळ्यांना एकच आणि ते गव्हाशिवायचं. फक्त चपाती वेगळी, आणि ती शेवटी. आधी भाकऱ्या थापून झाकून ठेवायच्या, मग कणीक बाहेर काढायची. तिचा तवा, काठवट आणि तळणीची झारी वेगळी. लाकडी पोळपाट घासून स्वच्छ होत नाही, म्हणून तोही वेगळा. सासूबाईंना भात कमी आणि भाकरी जास्त असं डॉक्टरांनीच सांगितलंय, त्यामुळे ज्वारीवर आजी-नातीचं एकमत आहे. भांडण एकादशीला होतं: साबुदाणा नातीला चालतो, आजीची साखर वाढवतो. त्या दिवशी आजीला वरी आणि दाण्याची आमटी, तीही बेताने, आणि नातीला खिचडी. वरीचं पीठ विकत आणून साठवू नका, त्याला बुरशी पटकन धरते. वरी आणून लागेल तेवढी दळा.

लग्न, मुंज, सत्यनारायण? प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा, आणि 'प्रसादाने काही होत नाही' हे वाक्य आलंच. आम्ही तीर्थ आणि केळं घेतो. मुलगी स्वतः हात जोडून सांगते, "मला केळं द्या, काकू." लहानपणापासून तिच्या तोंडूनच वदवलं, कारण आईने सांगितलं की तो आईचा नखरा ठरतो आणि मुलीने सांगितलं की लोक ऐकतात. आमच्या घरच्या पूजेला सगळ्यांनाच राजगिऱ्याचा शिरा असतो. गुरुजींनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. गणपतीत चैन, उकडीचे मोदक तांदळाचेच. पाडव्याला पुरणपोळीऐवजी वाटीत पुरण नि वर तुपाची धार. दिवाळीत चकली, बेसनाचे लाडू, अनारसे, पोह्यांचा चिवडा चालतात. करंजी आणि शंकरपाळी नाही, आणि तळणीचा क्रम ठरलेला: तिचं आधी, मग बाकीचं.

लग्नाला तिला घरून जेवून नेते आणि डबाही नेते. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून साधा भात वेगळा काढून ठेवायला सांगितलं तर बहुतेक जण ठेवतात.

घरी शिकवणं कायद्याला धरून आहे का? कोणी पकडणार तर नाही?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० ला. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्याचं कलम १० म्हणतं. त्याच कायद्यात पालकाला दंड वा शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला वेगळी परवानगी नाही, नोंदणी नाही, बंदीचं थेट कलमही नाही. मधली जागा आहे ती. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारी येतात. त्यांना खरं सांगा, वह्या दाखवा, चहा द्या. ते त्यांचं काम करत असतात. कलम ४ असं आहे की मूल कधीही शाळेत आलं तरी त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं. धाकट्याला परत घालताना त्याच आधाराने बोलले.

कागद जपा: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार. दाखल्यावर जन्मतारीख आणि जात असते, पुढे जातीचं प्रमाणपत्र काढताना तोच मागतात. म्हणून मूल कधीच शाळेत न घालण्यापेक्षा पहिली-दुसरीची नोंद असलेली बरी, असं मला वाटतं.

दहावीचं काय?

तीन वाटा आहेत. एक, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासूनची. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, माध्यम मराठीही घेता येतं, किमान पाच विषय, परीक्षा वर्षात दोनदा, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी. विषय सुटे सुटे देता येतात. आजारी पडणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठी सवलत नाही. चित्रकला आणि गृहविज्ञानही विषय म्हणून घेता येतात. पुण्याला विभागीय केंद्र आहे. दोन, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, तिथे पाचवीची परीक्षा वयाच्या १० नंतर आणि आठवीची १३ नंतर देता येते. तीन, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणं. आमच्या मुलीसाठी पहिली वाट ठरवलीय, पण तिला गावातल्या कॉलेजात अकरावीला जायचंय, म्हणून प्रवेशाच्या वेळी कोणते कागद लागतात ते तिथल्या कार्यालयात आत्ताच विचारून ठेवलं.

पुस्तकं, साहित्य? विकतचा अभ्यासक्रम घ्यावा का?

नको. आकर्षक खोक्यात मिळणारे अभ्यासक्रम महाग असतात आणि बरेचसे परदेशी मुलांसाठी लिहिलेले. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. छापून मात्र घेऊ नका, झेरॉक्सपेक्षा छापील पुस्तकच स्वस्त पडतं, आणि वरच्या वर्गातल्या पोराचं जुनं मिळालं तर फुकटच. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्याचे जुने अंक चाळता येतात. माझी मुलगी ते वाचताना जेवायला उठत नाही. अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करायची पुस्तकं आणि चित्रफिती संकेतस्थळावर खुल्या ठेवल्यात, मराठीतही. मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो. बाकी सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी. घरात मोबाइल एकच आहे, तो दिवसा गॅरेजात असतो, हा फायदाच म्हणायचा.

दिवस कसा जातो?

सकाळी आंबील, मग दोन-अडीच तास गणित आणि भाषा, डोकं ताजं असताना. त्यानंतर ती निवडणं-टिपणं करते आणि मी स्वयंपाक. या वेळात ती मला मोठ्याने वाचून दाखवते. दुपारी विज्ञान-भूगोल किंवा काहीच नाही. इंग्रजीला माझी बाजू लंगडी, तिथे शेजारच्या निवृत्त बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांचे ब्लाउज मी पैसे न घेता शिवते. लग्नसराईत सगळं वेळापत्रक कोलमडतं. तेव्हा ती बापाबरोबर गॅरेजात जाते आणि साखळीच्या चक्राचे दात मोजून चाक किती फिरेल ते काढते.

मुलगी एकलकोंडी होणार नाही का?

गल्लीत संध्याकाळी बघायला या.

गव्हाशिवायची भाजणी कशी करता?

ज्वारी चार वाट्या, बाजरी दोन, तांदूळ दोन, हरभरा डाळ एक, उडीद डाळ एक, धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. तांदूळ आणि डाळी धुऊन, कापडावर पूर्ण वाळवून घ्या. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजा. ज्वारी किंचित तडतडते, उडीद गुलाबी झाला की उतरवा, जास्त झाला तर कडू लागतो. गार झाल्यावर एकत्र करून घरघंटीत जाडसर दळा. गव्हाने जो चिवटपणा येतो तो यात उडदाने येतो, त्यामुळे उडीद कमी करू नका. थालीपीठ भिजवताना पाणी कोमट घ्या, कांदा बारीक चिरून भरपूर, आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटा. हिंग घालायचाच असेल तर तांदळाच्या पिठातला, नाहीतर ओवा पुरतो.